हसऱ्या आत्याने दिलेला शब्द

उन्हाळी शिबिराआधी पालकांची बैठक भरली की हसऱ्या आत्याला सगळ्यात शेवटी उभं करत. गादी आणावी की नुसती चादर, बाटलीवर नाव कसं लिहावं, खाऊ दिलात तर तो सगळ्यांत वाटला जाईल, हे सगळं चर्चचे पाळक सांगून संपवायचे. तरी पुढच्या खुर्च्यांवरच्या दोन-चार आयांच्या कपाळावर आठी उरायचीच. मग पाळक म्हणायचे, “आता आमच्या आत्या बोलतील.” आत्या उठायची, चष्मा वर सरकवायची आणि हसायची. पुढे ती काय बोलली याला फारसा अर्थ नसायचा. ते हसू बघून आयांचा जीव भांड्यात पडायचा आणि घरी जाऊन त्या पोरांच्या पिशव्या भरायला घ्यायच्या.

पाळक म्हणजे आत्याचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा. लहानपणी तिच्या कडेवर वाढलेला, आता तोच तिला सांभाळत होता. चर्चच्या मागे सभागृहाला लागून एक खोली होती, ती त्याने मंडळींना सांगून आत्याला मिळवून दिली होती. खोलीला खिडकी एकच, तीही सभागृहाच्या बोळात उघडणारी. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या खिडकीत डोकावून विचारायचा, “काय आत्या, हसताय ना?” आत्या हसायची. सकाळी ती गणवेशांच्या दुकानात जायची, वाढत्या मुलांच्या कपड्यांची दुमड उसवून लांबी वाढवून द्यायची, आणि संध्याकाळी परत त्या खोलीत. शिबिराचे दिवस आले की दुकानातून रजा घेऊन शिबिरातल्या मुलींच्या खोलीत झोपायला जायची. असं कित्येक वर्षं चाललं होतं.

त्या वर्षीच्या बैठकीत मात्र घोडं अडलं. आत्या हसून खाली बसणार, एवढ्यात मागून एक बाई उभी राहिली. अंगावर बस कंडक्टरचा गणवेश, खांद्याला चामडी पिशवी. चर्चला येणाऱ्यातली नव्हती. सुट्टीत मुलीला सांभाळायला घरी कुणी नाही, म्हणून शेजारणीने तिला इकडे पाठवलं होतं.

“माझे चार प्रश्न आहेत,” ती म्हणाली. “लवकर विचारते, माझी ड्युटी आहे. मुलींच्या खोलीत कोण झोपतं? दार आतून लागतं की बाहेरून? ताप आला तर औषध कोण देतं? आणि माझ्या पोरीला घरी यायचं असलं, तर ती मला सांगणार कशी?”

पहिल्या तिन्हींची उत्तरं पाळकांनी झटपट दिली. चौथ्याला ते जरा थांबले. “शिबिरात मुलांना फोन नसतो. घरचा आवाज ऐकला की मुलं जास्त रडतात. बहुतेक मुलं लगेच रमतात.”

“बहुतेकांचं नाही विचारलं साहेब. माझ्या एकीचं विचारलं. माझ्या बसमध्येही बहुतेकांना बसायला मिळतं. बोंब मारतो तो उभा असलेला.”

सभागृहात हशा पिकला. पाळकही हसले, पण आयांच्या कपाळावर ती आठी परत आली होती. आत्याला ती दिसली. आपलं काम अर्धवट राहिलं असं तिला वाटलं असावं. ती पुन्हा उठली आणि बोलून गेली, “ती मला म्हणाली ना, की आत्या, घरी जायचंय, तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन. शब्द देते.”

कंडक्टरबाईने तिच्याकडे नीट बघून घेतलं. “ठीक आहे. तुमच्या भरवशावर पाठवते.”

सगळे गेल्यावर खुर्च्या एकावर एक रचता रचता भाचा म्हणाला, “आत्या, असं जाहीर बोलायला नको होतं.”

“अरे, वेळच येणार नाही,” आत्या म्हणाली. काहीही वाईट होणार नाही असं सांगायची तिच्या जिभेला इतकी सवय होती, की ते तिचं तिलाही खरं वाटायचं.

शिबिर भरायचं ते टेकडीवरच्या एका निवासी शाळेत. सुट्टीत शाळा रिकामी असायची. मुलींची खोली लांबलचक, दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा, आणि खिडक्यांच्या खालच्या काचांना पांढरा रंग फासलेला. अभ्यास सोडून मुलींनी बाहेर बघू नये म्हणून तो कधीतरी शाळेने लावला असेल. आत्याची खाट दाराशी. गट करून देणारे, खेळ घेणारे, गाणी शिकवणारे सगळे कॉलेजात जाणारे ताई-दादा होते, उत्साहाने नुसते उतू जाणारे. मुलांचे, त्यांचे आणि आत्याचाही फोन ऑफिसातल्या लोखंडी कपाटात बंद. कपाटाची किल्ली भाच्याच्या गळ्यात, शिट्टीच्या फितीला.

कंडक्टरबाईची लेक नऊ वर्षांची, किडकिडीत, आणि बोलायला टोकदार. घरी तिला टाचणी म्हणत, तेच नाव तिने सगळ्यांना सांगितलं. पहिल्याच सकाळी तिने गाणं शिकवणाऱ्या दादाला विचारलं, “सगळे एकदम ओरडल्यावर देवाला कुणाचं काय ते कळतं का?” दादा म्हणाला, “कळतं.” टाचणी म्हणाली, “मग हळू म्हटलं तरी चालेल ना?” आत्याला हसू आलं, आणि हे हसू जरा वेगळ्याच जागेतून आलं असं तिला उगाचच वाटलं.

मुलीला खेळ आवडले, झोके आवडले, पोहायच्या तलावाच्या काठावर बसून पाय बुडवणंही आवडलं. पण हळूहळू ती मिटत गेली. एके दिवशी न्याहारी झाल्यावर आत्या खोलीत आली, तर टाचणी खाटेवर बूट घालून बसलेली. पिशवी मांडीवर.

“बूट का गं घातलेस?”

“आई आली तर घालण्यात वेळ नको जायला.”

आत्या शेजारी बसली. “कुणी मारलं? काही बोललं कुणी?”

“नाही. सगळे चांगले आहेत.” टाचणीने जरा विचार केला. “पण इथे एकटं बसायला जागाच नाही. जेवताना सगळे, गाताना सगळे, गप्प बसायच्या तासालासुद्धा सगळे. मी संडासात जाऊन बसते तर ताई बाहेरून विचारते, बरी आहेस ना.” मग ती हळूच म्हणाली, “आत्या, मला घरी जायचंय.”

बैठकीत आत्याने जे म्हटलं होतं, ते अगदी तसंच समोर आलं. ती उठून ऑफिसात गेली आणि भाच्याकडे किल्ली मागितली.

भाचा पावांच्या लाद्या मोजून घेत होता. “अगं, असं प्रत्येक पोर म्हणतं. आधी तिच्यासाठी प्रार्थना करू, मग बघू. तू पण ये.”

त्याच्या मनात पाप नव्हतं, हे आत्याला माहीत होतं. दुखलं-खुपलं की प्रार्थना करायची, हेच तर त्याला घरात शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्यांत आत्याही होती.

जेवणानंतर गाण्याच्या खोलीत मधोमध एक खुर्ची मांडली. टाचणीला तिच्यावर बसवलं. ताई-दादा भोवती गोल करून उभे राहिले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवले. आत्याचाही हात होता. सगळे मायेने बोलत होते, एकीच्या तर डोळ्यांत पाणी होतं. हातांच्या वजनाने टाचणीची मान खाली खाली जात होती.

“आता बरं वाटतंय का, बाळ?” भाच्याने विचारलं.

“नाही.”

पुन्हा प्रार्थना, जरा मोठ्याने, जरा लांब. “आता?”

टाचणी आपल्या बुटांकडे बघत राहिली. पुन्हा प्रार्थना. खोलीत उकडत होतं. “आता?”

“हो.”

“घरी जायचंय का अजून?”

“नाही.”

“आमेन,” असा पहिला आवाज आला तो आत्याचाच. जित्याची खोड.

पण म्हटल्या म्हटल्या तिने हात काढून घेतला, कारण तो गोल तिला आतून ठाऊक होता. फार वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. शाळेत जायला लागला होता तेवढाच. ती कुणाशी बोलेना, जेवेना, चर्चलाही जाईना. मग मंडळी घरी येऊ लागली. रोज यायची, असाच गोल करायची, असेच हात ठेवायची. प्रेमाने यायची, म्हणून जा म्हणता येईना. शेवटी एका रविवारी ती उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिली आणि म्हणाली, “प्रभूने माझं दुःख काढून घेतलं.” लोक रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. दुसऱ्या दिवशी खरंच कुणी आलं नाही. पण त्यानंतर तिला रडता येईना. एकदा सुजलेले डोळे बघून एका म्हातारीने अगदी मायेने म्हटलं, “काय गं, दिलेली साक्ष विसरलीस?” तेव्हापासून ती हसायला लागली. डोळे लाल दिसले तर कांदा चिरत होते म्हणायची. आत्याच्या घरी कांदा फार लागतो, अशी चर्चमध्ये थट्टा व्हायची. आणि कुणाच्या घरात कुणी वारलं की त्या घरच्या बाईला आत्याकडे आणून बसवायचे. हिच्याकडे बघा, म्हणायचे.

त्याच संध्याकाळी सगळ्या मुलांसमोर टाचणीच्या हातात माइक दिला. ती म्हणाली, “मला घरी जायचं होतं. मग सगळ्यांनी प्रार्थना केली. आता नाही जायचं.” टाळ्यांचा कडकडाट झाला. एका ताईने तिला उचलून घेतलं. मुलीचे पाय लाकडासारखे ताठ लोंबत होते.

दात घासायला मुली नळांच्या रांगेशी गेल्या तेव्हा टाचणी आत्याला खेटून उभी राहिली. “आत्या, त्यांना हवं होतं ते मी म्हटलं. आता करा फोन.” तिकीट काढलेल्या माणसाने आता गाडी सोडा म्हणावं, इतक्या सरळपणे ती म्हणाली.

“उद्या सकाळी बोलते,” आत्या म्हणाली.

“बोलता की करता?”

आईचीच लेक ती.

सकाळी मुलं मैदानात गेल्यावर आत्या ऑफिसात गेली आणि दार लोटून घेतलं. भाचा टेबलाशी बसून संध्याकाळच्या संदेशाची तयारी करत होता.

“त्या मुलीच्या आईला फोन करायचाय.”

“आत्या, ती रमली. कालच सांगितलं तिने सगळ्यांसमोर.”

“रमलेली नाही. आपण हात काढावेत म्हणून म्हणाली.”

“तिने सांगितलं तुला?”

“सांगितलं. आणि नसतं सांगितलं तरी मला कळलं असतं.”

भाच्याने पेन खाली ठेवलं. “समजा, तसं असेल. पण काल साक्ष दिली आणि आज घरी गेली, तर बाकीची पोरं तिला काय म्हणतील? खोटारडी. एवढ्याशा पोरीच्या गळ्यात हे कशाला बांधायचं? त्यापेक्षा राहू दे. माणूस जे म्हणतं ते हळूहळू खरं होतं. तुझंच बघ.”

आत्याने चष्मा काढून पदराला पुसला.

“तू साक्ष दिलीस तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो,” भाचा म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. “घरातलं पोरगं गेलेली बाई असं म्हणू शकते, तर देव खरा आहे, असं मला त्या दिवशी वाटलं. म्हणून पाळक झालो. तू ते आयुष्यभर पाळलंस आत्या. तिलाही जमेल.”

इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसावं तर त्या नऊ वर्षांच्या पोरीने आजपासून हसायला लागायचं, आणि बोलावं तर ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याच्या पायाखालची फरशी काढायची. वर, आपण राहतो ती खोली याच्या शब्दावर. आत्या टेबलाची कड धरून उभी राहिली. बाहेर मुलं टाळ्यांच्या तालावर गात होती.

“म्हणूनच म्हणते, पाठव तिला,” ती म्हणाली.

“म्हणूनच म्हणजे?”

“माझं दुःख त्या दिवशी गेलं नव्हतं रे. कधीच गेलं नाही. घरात माणसं मावत नव्हती. मला त्याच्या कपड्यांजवळ एकटीने बसायचं होतं. गेलं म्हटल्याशिवाय कुणी उठेना.”

भाचा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. “पण तू हसतेयस.”

“हो. ते आता काढता येत नाही. त्याच्याकडे बघू नकोस, बोलते त्याच्याकडे लक्ष दे.”

“इतकी वर्षं सांगितलं नाहीस?”

“कधी सांगायचं होतं? शिकायला निघालास तेव्हा? की तुझी दीक्षा झाली तेव्हा? पहिल्यांदा उपदेश केलास त्यात माझंच उदाहरण दिलंस. मी तिसऱ्या रांगेत होते. सगळ्यांनी वळून बघितलं. मी हसले.”

तो उठून खिडकीपाशी गेला. गाणं संपलं, कुणा दादाची शिट्टी वाजली, मुलं आरडाओरडा करत पांगली. मग त्याने गळ्यातली फीत डोक्यावरून काढली, पण लगेच दिली नाही. मुठीत धरली.

“फोन कर,” तो म्हणाला. “पण हे बोललीस ते या खोलीबाहेर नको. मला दर रविवारी तिथे उभं राहायचं असतं, आत्या.”

“नाही बोलणार.”

“नक्की?”

“माझं मी कुणाला सांगणार नाही. झालं?”

“आणि मुलांना सांगू, तिच्या पोटात दुखायला लागलं.”

आत्याने हात पुढे केला. तिने किल्ली घेतली.

कंडक्टरबाईने फोन उचलला तेव्हा मागे बसचा खडखडाट होता. “कोण आत्या? अहो मोठ्याने बोला. टाचणीला काय झालं?”

“काही झालं नाही. तिला घरी यायचंय. मी शब्द दिला होता.”

पलीकडे घंटी वाजली, कुणाला तरी पुढे सरका म्हणून दम दिला गेला. मग आवाज जवळ आला. “खरं सांगू? मला वाटलं होतं, बोलायचं म्हणून बोललात.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” आत्या म्हणाली.

ड्युटी दुसऱ्या बाईच्या गळ्यात घालून कंडक्टरबाई दुपारी पोचली, गणवेशातच. फाटकाशी टाचणी बूट घालून, पिशवी घेऊन उभी होती. भाचाही आला होता. त्याचा चेहरा उतरलेला होता, पण तो नीट बोलला. “पोटात दुखत होतं तिच्या, नाही का गं?”

“नाही,” टाचणी म्हणाली. “मला घरी यायचं होतं.”

“मग काल त्या सगळ्यांना सांगितलंस ते?” भाच्याने विचारलं.

टाचणीने आईचा हात धरला आणि आत्याकडे बघितलं. ते घाबरलेलं बघणं आत्याला ओळखीचं होतं. ती पुढे झाली. “ते काल होतं. खुर्चीत बसल्यावर मीही तेच म्हटलं असतं. त्याचं काही मनावर घ्यायचं नाही. कळलं?”

भाचा तिच्याकडे चमकून वळला. तिने त्याला दिलेला शब्द मोडला नव्हता, पण तो किती वाकतो ते दोघांनाही कळलं होतं.

कंडक्टरबाईने लेकीची पिशवी खांद्याला लावली. “आत्या, तुम्ही पण चला. आमच्याकडे माणसं कमी, गोंधळ जास्त. कुणी हसताय का विचारणार नाही.”

“मी कुठे येऊ गं,” आत्या हसून म्हणाली. “माझं सगळं इथेच.”

मायलेकी उतारावरून खाली गेल्या. वळणावर पोचेपर्यंत टाचणी काहीतरी सांगत होती आणि आई मान हलवत होती. रखवालदाराने फाटक ओढून घेतलं. भाचा ऑफिसात गेला. उद्या, परवा, शिबिर संपून घरी गेल्यावर, त्याच्यासमोर जेवायला बसल्यावर, तो आपल्याकडे कसा बघेल याचा आत्याला अंदाज येईना. खोली जाणार नाही, एवढं तिला कळत होतं. खोली राहील, खिडकी राहील, विचारणारेही राहतील.

मुलींच्या खोलीत सगळ्या रिकाम्या खाटेभोवती जमल्या होत्या. “आत्या, टाचणीचं पोट दुखत होतं ना?” एकीने विचारलं. “ताई म्हणाली.”

आत्या त्या खाटेवर बसली. “पोट ठीक होतं. तिला घरी जायचं होतं.”

“पण तिचं घरी जावंसं वाटणं तर गेलं होतं. तिनेच सांगितलं.”

“सांगितलं तरी जात नाही कधी कधी.”

मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. मग झोक्यांकडे पळाल्या. एक मात्र मागे राहिली, सगळ्यांत मोठ्याने गाणारी, रोज पहिली हात वर करणारी. ती खाटेच्या दांडीवरचा रंग नखाने खरवडत होती.

“मला पण,” ती म्हणाली.

“बरं,” आत्या म्हणाली. “आईचा नंबर पाठ आहे?”

“शेवटचे दोन आकडे आठवत नाहीत.”

“आठव. मी बसलेय.”